अ‍ॅप पळून गेलं म्हणे!

शॉपिफायसाठी (ऑनलाइन दुकान चालवायचा प्लॅटफॉर्म) अ‍ॅप बनवतो म्हटलं की लोकांना वाटतं हा दिवसभर कोड लिहित असेल. आज एक ओळ नाही लिहिली, नुसता सपोर्ट.

नागपूरच्या इतवारीतले एक काका सावजी मसाला ऑनलाइन विकतात, प्रॉडक्ट पेजवर पिनकोड टाकून डिलिव्हरी होते का ते बघायचं आमचं अ‍ॅप लावलंय त्यांनी, तर सकाळी सकाळी फोन, "काऊन भाऊ, तुमचं अ‍ॅप पळून गेलं का?" म्हटलं काका, काही बदललं का स्टोअरमध्ये? "काहीच नाही." (हे 'काहीच नाही' कधीच खरं नसतं बरं का.) स्क्रीन शेअर करून बघतो तर पुतण्याने रात्री नवी थीम, म्हणजे स्टोअरचं नवं रूप, पब्लिश केलेली! आता अ‍ॅप एम्बेड (आमचं अ‍ॅप स्टोअरच्या पानांवर दाखवणारा भाग) हे थीमवार असतं, नव्या थीममध्ये ते आपोआप चालू होत नाही, थीम एडिटरमध्ये जाऊन स्विच ऑन करून सेव्ह करावं लागतं. केलं, आलं. "थांबा, सांगतो त्या पोट्ट्याले," काका म्हणाले.

दुपारी नव्या जॉइन झालेल्या पोरीला वेबहुक (ऑर्डर वगैरे आली की शॉपिफाय आमच्या सर्व्हरला आपोआप पाठवतं तो निरोप) समजावत बसलो, ५ सेकंदांत उत्तर द्यायचं, जड काम मागे रांगेत टाकायचं, नाहीतर तोच वेबहुक परत येतो आणि तो आधी आलाय का हे आपण तपासलं नाही तर गिऱ्हाइकाला एकाच ऑर्डरचे दोन मेसेज. पोरगी हुशार आहे, पटकन कळलं तिला.

शॉपिफायच्या एपीआयची (आमचं अ‍ॅप ज्यातून शॉपिफायशी बोलतं ते) नवी व्हर्जन दर तीन महिन्यांनी येते, जुनी किमान वर्षभर चालते, त्यामुळे नव्या व्हर्जनमधले बदल वाचणं आज नाही. तर्री पोहे खायला कोण येतंय?