साठ दिवस की साठ लिलाव

रात्रीचे साडेअकरा. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये सामसूम आहे आणि लॅपटॉपवर ठिपके उमटताहेत. पन्नास झाले की खाली नवी ओळ. रांगोळीचे ठिपके निदान जोडायला तरी कुणी असतं, हे नुसते वाढत चाललेत. एक ठिपका म्हणजे एक रिग्रेशन, एका बाजाराचा भाव हलला की दुसऱ्याचा किती हलतो याचं गणित. लासलगाव सोडून कांद्याच्या पाच बाजार समित्या, प्रत्येकीचे दीड हजार लिलाव, त्यावरून साठ लिलावांची खिडकी एकेका घराने सरकवायची. एका बाजाराची १,४४१ रिग्रेशनं, पाचांची ७,२०५.

हे काम झटक्यात उरकणारी असरेग नावाची कमांड आहे, ठाऊक आहे मला. पण पहिली फेरी मी स्टाटा या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या ‘रोलिंग’ कमांडनेच मारते. हळू चालते, पण बिघडलं की ठिपक्याच्या जागी लाल एक्स तरी दिसतो. गुपचूप उरकणाऱ्यांवर माझा विश्वास जरा कमीच.

प्रश्न तसा साधाच. लासलगावला कांदा क्विंटलमागे शंभरने उतरला तर येवल्याला, मनमाडला किती उतरतो? सगळी वर्षं एकत्र घोटून एकच आकडा काढला, तर तो कुठल्याच महिन्याचा नसतो. म्हणून खिडकी. नवा लिलाव आत घ्यायचा, सगळ्यात जुना बाहेर काढायचा, उत्तर पुन्हा काढायचं.

सुरुवातीला तर स्टाटाने डेटा दारातूनच परत पाठवला. एकाच बाजारात एकच तारीख दोनदा आहे, म्हणे. मी डेटा भरणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. नीट पाहिलं तर सगळ्या ओळी हिवाळ्याच्या तोंडावरच्या. त्या दिवसांत चाळीतला उरलासुरला उन्हाळ कांदा आणि नवा लाल कांदा शेजारी शेजारी विकले जातात. तारीख एक, भाव दोन. कांद्याच्या जिल्ह्यात जन्म काढून हे मला सॉफ्टवेअरने सांगावं!

दुसरी चूक मात्र माझीच. ओळींच्या क्रमांकावर चालणारा लूप लिहिला आणि बाजार वेगळे करायला विसरले. खिडकी चांदवडचं शेवटचं पान उलटून थेट कळवणच्या पहिल्या पानावर गेली. तीस लिलाव चांदवडचे अगदी अलीकडचे, तीस कळवणचे काही वर्षांपूर्वीचे, आणि त्यातून निघालेलं उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत नेटकं. लाल एक्स वगैरे काही नाही. दोन दिवस मी तो आलेख कौतुकाने बघत होते.

आणखी एक चकवा. १४ सप्टेंबर २०२० ला केंद्राने निर्यातबंदी केली. सगळे बाजार एकदम कोसळले की येवला लासलगावच्या हातात हात घालून चालल्यासारखं दिसतं, तशी रेघ वर गेली. ते ठीक. पण नोव्हेंबरात ती तशीच धाडकन खाली आली. बंदी उठली १ जानेवारी २०२१ ला, मग त्याआधी काय झालं? संप, पाऊस, सुट्ट्या, सगळं शोधून झालं. बाजारात काहीच घडलं नव्हतं. सप्टेंबरचे ते दिवस साठच्या खिडकीतून बाहेर पडले होते, एवढंच. आलेखातली ती पायरी बंदीची नव्हती, मी निवडलेल्या साठाची होती.

आज मामा आलेत. निफाड तालुक्यात त्यांची कांदा साठवायची चाळ आहे, उद्या सिव्हिलला डोळे दाखवायचेत. जेवण झाल्यावर माझ्या मागे उभे राहून बराच वेळ पडदा बघत होते.

“काय गं हे?”

“भाव, मामा. मागच्या साठ दिवसांचा हिशोब, रोज एक दिवस पुढे सरकत.”

“साठ दिवस, का साठ लिलाव?”

मी कॅलेंडरचे दिवस घेतले होते. रविवार बंद, अमावास्येला लिलाव न करायची जुनी रीत, दिवाळीत तर आठवडाभर शुकशुकाट. माझी दिवाळीची खिडकी साठांची म्हणवत होती आणि आत जेमतेम चाळीस भाव. स्टाटाला लीप वर्ष कळतं, अमावास्या कुठून कळणार?

मग बसले. दोन्ही बाजार उघडे होते तेवढ्याच तारखा ठेवल्या, त्यांना एकापासून नंबर दिले आणि पुन्हा सुरू केलं. ते हे ठिपके.

“पण साठच का?” मामांनी सोफ्यावर आडवं होत विचारलं.

सगळे साठ घेतात, हे काही सांगता येईना. “तुम्ही किती धराल?”

“मी?” पांघरूण ओढत ते म्हणाले, “चाळीतल्या कांद्याला मोड येईस्तोवर.”

मनमाडच्या ओळीत मघाशी एक लाल एक्स आलाय. मामा घोरताहेत.