मॅडम, आपण ओआयसीत का नाही?

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दर बॅचला ठरलेला. सर्वाधिक मुसलमान राहतात अशा पहिल्या तीन देशांत भारत येतो, मग इस्लामी सहकार्य संघटनेच्या, म्हणजे ओआयसीच्या, ५७ सदस्यांत तो का नाही? मुसलमान अल्पसंख्य असलेले गॅबन, गयाना, सुरीनाम आत आहेत. रशियालासुद्धा निरीक्षकाची खुर्ची आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आपण गेलो होतो की! २१ ऑगस्ट १९६९ला जेरुसलेममधल्या अल-अक्सा मशिदीला एका ऑस्ट्रेलियन माणसाने आग लावली आणि सप्टेंबरात मोरोक्कोतल्या रबातला मुस्लीम देशांची शिखर परिषद भरली; तिच्यातूनच पुढे ओआयसी उभी राहिली. इंदिरा गांधींच्या सरकारने खटपट करून निमंत्रण मिळवलं. मंत्री फखरुद्दीन अली अहमद पोहोचेपर्यंत आपली जागा राजदूत गुरबचन सिंग यांनी सांभाळली. इस्लामी परिषदेत भारतातर्फे एक शीख! मला हा तपशील फार आवडतो. पण पाकिस्तानचे याह्या खान अडून बसले, भारत असेल तर मी बैठकीला येत नाही. त्याच सुमारास अहमदाबादेत भीषण दंगल पेटलेली होती, तेही कारण त्यांच्या हाती लागलं. यजमानांनी पाहुण्यांपैकी एकाला राखलं आणि आपल्याला शेवटच्या बैठकीबाहेर ठेवलं. इथे संसदेत विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं ते वेगळंच. धर्मनिरपेक्ष देशाने तिथे जावंच कशाला, हा त्यांचा सवाल मला आजही पूर्ण चुकीचा वाटत नाही.

पुढे दिल्लीने त्या सभागृहापेक्षा एकेका राजधानीचं दार ठोठावलं, आणि ते जास्त फळलं. सभागृहात पाकिस्तान संस्थापक सदस्य म्हणून बसलेला असतो. अबुधाबीत किंवा रियाधमध्ये मात्र तेल, गुंतवणूक आणि आपल्या कामगारांवर थेट बोलता येतं. एकमेकांशी न पटणारे तेहरान आणि रियाध आपल्याशी वेगवेगळे बोलतात. २०१५ साली मोदी अमिरातीत गेले, तेव्हा भारतीय पंतप्रधानाची तिथली ती ३४ वर्षांतली पहिली भेट होती. लाखो भारतीय, त्यात आपल्या रत्नागिरी-रायगडचेही कितीतरी, तिथे राबत असताना इतका उशीर! याचा दोष कोणा एका पक्षाला देता येणार नाही.

१ मार्च २०१९ला सुषमा स्वराज अबुधाबीत ओआयसीच्या परराष्ट्रमंत्र्यांसमोर सन्माननीय अतिथी म्हणून बोलल्या. बालाकोटच्या हल्ल्याला जेमतेम तीन दिवस झाले होते. या वेळी पाकिस्तानचा बहिष्कार यजमानांनी मनावर घेतला नाही. परराष्ट्रमंत्री कुरेशी आलेच नाहीत. स्वराज यांनी कुराणाचा दाखला दिला, ऋग्वेदाचाही. आपल्याकडच्या चॅनेलांनी दिवसभर जल्लोष केला. अधिवेशनाच्या अबुधाबी जाहीरनाम्यात काश्मीर नव्हतं, पण त्याच अधिवेशनाने काश्मीरवर वेगळा ठराव केलाच, आणि तो आपल्या बाजूचा नव्हता. त्याची बातमी मात्र फारशी गाजली नाही.

मग मागच्या बाकावरून पुढचा प्रश्न येतो, ‘आता सदस्यत्व मिळत असेल तर घ्यावं का?’ मी नको म्हणते. काश्मीरवर ओआयसीचं निवेदन आलं, की आपलं परराष्ट्र खातं म्हणतं, या विषयावर बोलण्याचा तुम्हाला अधिकारच नाही. एकदा आत जाऊन बसलो की हे वाक्य वापरता येणार नाही.