सोनं नसलेली सोनेरी भांडी

काल रात्री इराकमधल्या सामर्रा या जुन्या शहरात उत्खननात मिळालेल्या खापरांबद्दल वाचत बसले आणि झोपच उडाली. ९व्या शतकातले इराकी कुंभार, त्यांना चिनी भांड्यांसारखा पांढराशुभ्र रंग हवा होता पण तशी माती नव्हती, मग त्यांनी पिवळसर मातीवर कथिल घातलेलं ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) चढवलं, कथिलाच्या म्हणजे टिनच्या ऑक्साइडचे कण उजेड विखुरतात म्हणून खालची माती दिसतच नाही. आणि ती सोनेरी चमक? सोनं नाहीच त्यात! भाजलेल्या ग्लेझवर चांदी-तांब्याची संयुगं रंगवून धुराच्या भट्टीत परत भाजायचं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये तिथे धातूचे नॅनोकण दिसतात. मातीचे पातळ काप तपासून संशोधकांनी यातली बरीच भांडी बसऱ्याची ठरवली. हो, आजीच्या नथीतल्या मोत्यांचं तेच बसरा.