मिनी लेथसाठी फेसप्लेट

वाकडेतिकडे जॉब (घडवायचे तुकडे) चकाच्या जबड्यांत धरता येत नाहीत, तिथे फेसप्लेटच लागते: स्पिंडलवर (लेथच्या फिरत्या दांड्यावर) बसणारी सपाट चकती, तिच्यावर जॉब बोल्टने आवळतात. ८० मिमी चकाच्या मिनी लेथसाठी १५० मिमी व्यासाचा, २० मिमी जाडीचा, मागे बॉस (मधला जाड उंचवटा) असलेला बिडाचा (कास्ट आयर्नचा) ब्लँक, म्हणजे कच्ची चकती, घ्या. गॅसकट एमएस (साध्या पोलादाची) प्लेट नको: कड कडक होते, टूल खाते आणि फेसिंगनंतर (पृष्ठभाग सपाट कापल्यावर) प्लेट वाकते.

मागची बाजू वाळूज किंवा चिकलठाण्यातल्या (छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींतल्या) जॉबवर्कवाल्याकडून करून घ्या. घरच्या चकात एवढा ब्लँक धरणं म्हणजे संकटच. स्पिंडलच्या फ्लँजवर (टोकाच्या चपट्या कड्यावर) ५५ मिमीचा गोल उंचवटा असतो, तो रजिस्टर; प्लेटमागची खाच त्यावर घट्ट सरकती बसावी आणि उंचवट्याच्या उंचीपेक्षा अर्धा मिमी जास्त खोल असावी. नाहीतर प्लेट फ्लँजला न टेकता डुगडुगते. स्टडसाठी ६६ मिमी पीसीडीवर (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासावर) तीन एम६ आटे, ड्रिल ५ मिमी. आधी स्वतःचा फ्लँज मोजा, मापं बदलतात.

एम८ बोल्टसाठी ९ मिमीचे चार स्लॉट पाडा. पुढचा फेस सगळ्यात शेवटी, प्लेट आपल्याच स्पिंडलवर चढवून: कार्बाइड टूल, १०० आरपीएम, कूलंट अजिबात नाही. बेड कागदाने झाका, बिडाची भुकटी तेलात मिसळली की बेड घासते. फेस मध्यभागी किंचित खोल चालेल, फुगीर नाही. फुगीर फेसवर जॉब डुलतो.