एकाच मॉडेलची दोन वजनं

मी एका चेंबर ऑफ कॉमर्समध्ये, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संस्थेत, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनच्या, म्हणजे माल कुठल्या देशात बनला त्याच्या दाखल्याच्या, डेस्कवर काम करते, बरीच वर्षं झाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की आमचं काम म्हणजे शिक्का मारणं, एक्स्पोर्टर अर्ज भरतो, इनव्हॉइस जोडतो, फी भरतो आणि आम्ही सही करून देतो. बहुतेक फायली तशाच सरळ जातात हेही खरं. पण एक दिवस असा आला की त्यानंतर मी पॅकिंग लिस्ट, म्हणजे कुठल्या खोक्यात काय आणि किती वजनाचं आहे त्याची यादी, वाचायची पद्धतच बदलली, तो दिवस लिहून ठेवायचा बरेच दिवस मनात होता.

पोर्टलवर सकाळीच एक अर्ज आला होता. पाण्याचे पंप, ४०० नग, सगळे एकाच मॉडेलचे, एचएस कोड (कस्टम्समध्ये मालाचा प्रकार ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ८४१३ मधला, ओरिजिन आपला देश. एक्स्पोर्टर जुना, ओळखीचा, स्वतःचा कारखाना असलेला, त्याच्या याआधी कितीतरी फायली माझ्याच हातून गेलेल्या. इनव्हॉइस बरोबर, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती, बरोबर, मॅन्युफॅक्चरर म्हणून डिक्लेरेशन सही केलेलं. मी अप्रूव्ह करणारच होते, खरंच, माउस बटणावर होता. फक्त एकूण वजन जुळतंय का ते बघायची माझी सवय आहे म्हणून पॅकिंग लिस्ट उघडली. एकूण नेट वजन ७१७८ किलो. बिल ऑफ लेडिंगवरच्या आकड्याशी जुळत होतं. पण वर दोन ओळी होत्या, कार्टन १ ते २६०, प्रत्येकी १८.४ किलो, आणि कार्टन २६१ ते ४००, प्रत्येकी १७.१ किलो.

मॉडेल एकच, मग सव्वा किलोचा फरक कुठून आला?

आता याला हजार साधी कारणं असू शकतात. एखाद्या लॉटमध्ये फिटिंग्ज वेगळी पॅक केली असतील, टायपिंगची चूक असेल. पण चूक असती तर बेरीज चुकली असती, आणि बेरीज तर बरोबर होती, म्हणजे कुणीतरी खरोखर वजनकाट्यावर ठेवून लिहिलेलं होतं. मी क्वेरी टाकली, की वजनातला फरक समजावून सांगा आणि दोन्ही लॉटचं प्रॉडक्शन रेकॉर्ड जोडा. अर्ध्या तासात फोन आला, आणि तासाभरात एक्स्पोर्टर स्वतःच समोर येऊन उभा राहिला, तेव्हाच मला कळलं की हे टायपिंगचं प्रकरण नाही.

आधी म्हणाले, मॅडम, डिझाइनमध्ये थोडा बदल केला होता. मी म्हटलं ठीक आहे, मग मॉडेल नंबर तोच कसा? मग म्हणाले, कास्टिंग दुसऱ्या फाउंड्रीतून घेतलं. मी म्हटलं चालेल, फाउंड्रीचं बिल दाखवा. मग गप्प बसले. मग हळू आवाजात म्हणाले, की मशीन शॉपमधलं एक मशीन महिनाभर बंद होतं, शिपमेंटची शेवटची तारीख जवळ आली, २६० पंप कसेबसे तयार झाले आणि उरलेले १४० त्यांनी दुसऱ्या देशातून तयार मागवले. "पण नुसते आणून पाठवले नाहीत मॅडम, प्रत्येक पंप टेस्ट केला, आमची नेमप्लेट लावली, आमच्या बॉक्समध्ये पॅक केला. जबाबदारी आमची आहे, मग माल आमचाच झाला ना?"

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक महिन्यात कुणीतरी विचारतं आणि विचारणारे सगळे लबाड नसतात, त्यांना मनापासून तसं वाटतं. माल विकणारा मी, ब्रँड माझा, वॉरंटी माझी, मग माल माझ्या देशाचा. पण ओरिजिन म्हणजे विकणाऱ्याचा पत्ता नाही. वस्तू पूर्णपणे एकाच देशात तयार झाली तर प्रश्नच नाही, दोन-चार देशांचा हात लागला असेल तर जिथे तिच्यात शेवटचा मोठा, खरा बदल झाला तो देश धरतात. त्यांच्या स्वतःच्या २६० पंपांमधली बेअरिंग बाहेरची होती, त्याने काहीही बिघडत नाही, कारण बेअरिंग, ओतीव बॉडी, शाफ्ट, इम्पेलर यातून पंप इथे तयार झाला. पण तयार पंपाला प्लेट लावणं, बॉक्स बदलणं, चालवून बघणं याने ओरिजिन बदलत नाही, मग त्यात कितीही मेहनत गेलेली असो.

मी सांगितलं, की ४०० वर आपला देश लिहून मी देऊ शकत नाही.

मग खरी अडचण बाहेर आली. माल जहाजावर चढून निघालेला. लेटर ऑफ क्रेडिटची, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देऊ या खरेदीदाराच्या बँकेच्या हमीची, मुदत दुसऱ्या दिवशी संपणार. बँकेत कागद उद्याच्या आत गेले नाहीत तर पैसे अडकणार, आणि ती रक्कम अडकली तर कामगारांचे पगार कसे करू असं ते म्हणत होते. तेव्हा त्यांचा आवाज चढला. एवढ्या वर्षांचा संबंध, एक शिक्का, कोण बघतंय, बँक तर नुसते कागद बघते. शेवटचं वाक्य तर अगदी बरोबर होतं. यूसीपी ६०० मध्ये, म्हणजे २००७ पासून ज्या नियमांवर जगभरातली लेटर ऑफ क्रेडिट चालतात त्यात, स्पष्ट लिहिलंय की बँका कागदांचा व्यवहार करतात, मालाचा नाही, आणि कागद खरा की खोटा याची जबाबदारीही त्या घेत नाहीत. पण मला वाटतं नेमकं म्हणूनच आमचा शिक्का जपायला हवा. बँक माल बघत नाही, खरेदीदार हजारो मैलांवर बसलेला, तिथला कस्टम्सवाला आमचा कारखाना बघायला येणार नाही, या सगळ्यांच्या वतीने प्रश्न विचारायला मधे एकच टेबल आहे.

चेंबरना हा अधिकार कुठून आला तेही मी त्यांना त्या गडबडीत सांगितलं, कदाचित स्वतःला धीर द्यायला. १९२३ साली जिनिव्हामध्ये कस्टम्सच्या औपचारिकता सोप्या करण्यासाठी एक करार झाला, त्यात देशांनी मान्य केलं की सरकारी खात्यांबरोबरच ज्या संस्था पुरेशी खात्री देऊ शकतात त्यांनाही असे दाखले देऊ द्यावेत. म्हणजे खात्री हीच आमची पात्रता. आजही जगातल्या सगळ्या देशांचे ओरिजिनचे नियम एकसारखे नाहीत, १९९५ मध्ये डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, करारानंतर साध्या, म्हणजे ड्यूटीची खास सवलत मागायची नसते तेव्हाच्या ओरिजिनचे नियम तीन वर्षांत एक करायचं ठरलं होतं, ते काम अजून पूर्ण झालेलं नाही. नियम वेगवेगळे असताना एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालतो तो देणाऱ्याच्या विश्वासावर. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या वर्ल्ड चेंबर्स फेडरेशनने चेंबरसाठी जी अॅक्रेडिटेशनची, म्हणजे मान्यता देण्याची, साखळी उभी केली त्याचं मूळ हेच, सगळ्यांनी एकच मार्गदर्शक पद्धत पाळायची, पुरावा बघूनच सही करायची, आणि दिलेलं सर्टिफिकेट वेबसाइटवर कुणालाही तपासता यावं.

त्यांनी विचारलं, खोटं निघालं तर काय होतं? मी सायकलींचं उदाहरण दिलं. युरोपियन युनियनने चीनच्या सायकलींवर १९९३ पासून अँटी-डंपिंग ड्यूटी, म्हणजे अवाजवी स्वस्तात येणाऱ्या मालावरचा जादा कर, लावलेली आहे, पुढे ती ४८.५ टक्क्यांपर्यंत गेली, आणि २०१३ मध्ये चौकशीनंतर तीच ड्यूटी इंडोनेशिया, मलेशिया, श्रीलंका आणि ट्युनिशियातून येणाऱ्या सायकलींवरही लागली, कारण ड्यूटी चुकवायला माल त्या मार्गाने फिरवला जात असल्याचं दिसलं. तिथले काही कारखाने खरे उत्पादक होते, त्यांना स्वतःचं वेगळेपण कागदोपत्री सिद्ध करावं लागलं तेव्हा सूट मिळाली. एका देशाच्या नावावर संशय बसला की प्रामाणिक माणसालाही रांगेत उभं राहून पुरावे द्यावे लागतात. तुमच्या २६० पंपांचं काय होईल विचार करा, ते तर तुमचेच आहेत, पण १४० मुळे तेही संशयात येतील. हे ऐकून ते खाली बसले. तोपर्यंत उभेच होते.

दुपारी मी त्यांच्याकडून लेटर ऑफ क्रेडिटची कॉपी मागितली. खरं तर हे आमच्या कामात येत नाही, पण माणूस समोर असा बसलेला बघून नुसतं "रिजेक्ट" करून पुढच्या फायलीकडे जाणं मला जमेना. त्यातला फील्ड ४६ ए नावाचा रकाना, लागणारे कागद: चेंबर ऑफ कॉमर्सने दिलेलं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, एक मूळ प्रत, दोन कॉप्या. बस. मग ४५ ए, मालाचं वर्णन: पंप, मॉडेल नंबर, संख्या, दर. मग ४७ ए, जादा अटी. मी तिन्ही फील्ड दोनदा वाचली, मग आमच्या सरांना बोलावून त्यांनाही वाचायला लावली. कुठेही माल अमुक देशाचाच हवा असं लिहिलेलं नव्हतं. कुठेच!

हे त्यांनी वाचलंच नव्हतं, त्यांनी गृहीत धरलं होतं. आणि खूप जणांना हे माहीतच नसतं, की चेंबर फक्त स्वतःच्या देशाच्या मालाचंच सर्टिफिकेट देतं असं नाही. बाहेरच्या देशाचा माल असेल आणि त्याचा नीट पुरावा असेल तर ओरिजिन त्या देशाचं लिहूनही सर्टिफिकेट देता येतं, आणि एका शिपमेंटमध्ये दोन ओरिजिन असतील तर ओळीनुसार वेगवेगळं लिहिता येतं. मी विचारलं, त्या १४० पंपांचे कागद आहेत? म्हणाले, सगळे आहेत, ड्यूटी भरून आणलेत, चोरून नाही.

दीड तासात त्यांच्या ऑफिसमधून फाइल आली. सप्लायरचं इनव्हॉइस, इम्पोर्टचे कस्टम्सचे कागद, आणि त्या देशातल्या चेंबरने दिलेलं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, त्यावर अॅक्रेडिटेशनचं लेबल. मी व्हेरिफिकेशनच्या साइटवर त्याचा नंबर आणि कोड टाकला. कुठल्यातरी दूरच्या शहरात माझ्यासारख्याच कुणीतरी डेस्कवर बसून भरलेली माहिती स्क्रीनवर आली, पंप, १४० नग, नेट वजन २३९४ किलो. मी कॅल्क्युलेटर काढला, १४० गुणिले १७.१, उत्तर २३९४. त्या क्षणी मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही, डोळ्यांत पाणीच आलं थोडं. एकमेकांना कधीही न भेटलेली दोन टेबलं, मधे समुद्र, आणि आकडा किलोपर्यंत जुळलेला.

पण काम तिथे संपलं नव्हतं. त्यांच्या इनव्हॉइसखाली छापील ओळ होती की सर्व माल आमच्या देशात बनलेला आहे, ते इनव्हॉइस दुरुस्त करणं भाग होतं. एक्स्पोर्टच्या कस्टम्स कागदातली नोंदही दुरुस्त करायला अर्ज द्यावा लागणार होता. आणि पंपांवर लावलेल्या नेमप्लेटवर चुकीचा देश होता, त्या तर जहाजात होत्या. शिवाय खरेदीदार. नियमाने मला त्याच्याशी देणंघेणं नाही, मी फक्त म्हटलं, त्यांना कागदातून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळलं तर बरं. ते कॉरिडॉरमध्ये गेले, बराच वेळ फोनवर होते. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती, एका हाताने कपाळ धरलेलं.

परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता पण आवाज शांत. खरेदीदार चिडला होता, साहजिक आहे. पण त्याच्या कस्टम्स एजंटला विचारून त्याने सांगितलं की तिथे या पंपांवर त्या देशासाठी वेगळी ड्यूटी नाही, माल सोडवण्याआधी प्लेट बदलाव्या लागतील, नव्या प्लेट कुरिअरने पाठवा, १४० पंपांचे टेस्ट रिपोर्ट पाठवा, आणि पुढच्या ऑर्डरच्या दराबद्दल वेगळं बोलू. म्हणजे नुकसान झालंच त्यांचं. ते मी लपवत नाही, खरं सांगितल्याची किंमत त्यांनी मोजली.

काउंटर बंद व्हायच्या वेळेला सर्टिफिकेट तयार झालं. दोन ओळी, कार्टन १ ते २६०, आपला देश, कार्टन २६१ ते ४००, दुसऱ्या देशाचं नाव. मी प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचला, सरांनी पुन्हा वाचला, मग सही केली. दुसऱ्या दिवशी कागद बँकेत गेले. बँकांना तपासायला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस असतात, त्या पाच दिवसांत मी रोज त्यांच्या फोनची वाट बघत होते, आणि पाचव्या दिवशी फोन आला की एकही डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदांतली विसंगती, निघाली नाही.

महिनाभराने तिकडच्या कस्टम्सकडून आमच्याकडे त्याच सर्टिफिकेटची चौकशी आली, दोन ओरिजिन बघून कुणीतरी थांबलं असणार. फाइल कपाटातून काढून मी दहा मिनिटांत उत्तर पाठवलं, सगळे पुरावे जोडून.

जाताना त्या दिवशी ते एक गोष्ट बोलून गेले होते ती माझ्या डोक्यातून जात नाही. गोदामातला जो मुलगा पॅकिंग लिस्ट बनवतो त्याने दोन वजनं वेगळी लिहिली म्हणून त्यांनी त्याला आदल्या दिवशी सगळ्यांसमोर झापलं होतं, सगळीकडे १८.४ लिहायला काय झालं होतं म्हणून. तो म्हणाला होता, काट्यावर जे आलं ते लिहिलं साहेब. मी त्यांना म्हटलं, आधी त्याला जाऊन भेटा. त्यांच्या फायली अजून येतात. मी आता पॅकिंग लिस्टच पहिल्यांदा उघडते, आणि खाली तयार करणारा म्हणून अजून त्याच मुलाची सही असते.