तुम्ही विचारलंत म्हणून: सासूबाईंचा पलंग हॉलमध्ये काहून?

परवा पुन्हा तेच. हळदीकुंकवाला आलेल्या एक मावशी चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "काहून वो, सासूले हॉलमध्ये टाकलं?" आणि आई, म्हणजे सासूबाई, तिथंच पलंगावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. म्हातार्‍या माणसाला ऐकू येत नाही असं धरूनच लोक हा प्रश्न विचारतात बहुतेक. मी वाण दिलं, हसले, आत गेले. पण गेले आठ-नऊ महिने हेच ऐकून राहिली मी, वर "सोफा कुठं गेला?" आहेच, तर एकदाचं सांगूनच टाकते.

मानेवाड्याकडचं आमचं साडेचारशे फुटांचं घर तुम्ही पाहिलंय. बाथरूम पुढच्या दाराजवळ, आईंची खोली मागे किचनच्या पलीकडे. मधे काय होतं? डायनिंग टेबल, फ्रिज, टीपॉय, आणि तो एल शेपचा सोफा. २८ हजारांचा, हप्त्यावर घेतलेला. मीच हट्टानं घेतला होता. लग्नात आलेल्या दिवाणावर बारा वर्षं पाहुणे बसवले मी, मला पण वाटत होतं ना की आपला हॉल जरा हॉलसारखा दिसावा.

आता मेची रात्र सांगते. पंचेचाळीसच्या आसपास होतं त्या आठवड्यात. नागपुरात मेमध्ये कोण कुठं झोपतं हे कूलर ठरवतो. मोठा कूलर हॉलच्या खिडकीला, त्याला वाळ्याच्या ताट्या, म्हणून आम्ही तिघं हॉलमध्ये खाली गाद्या टाकून, आणि आई मागच्या खोलीत छोट्या प्लास्टिकच्या कूलरसमोर. "मले थंडी वाजते त्या मोठ्याची," असं त्या म्हणायच्या म्हणून. (म्हणायच्या, हो. पण आम्ही पण दुसर्‍यांदा विचारलं नाही.) रात्री अडीचला वगैरे उठल्या असतील. लाइट लावला तर पोरगा जागा होईल म्हणून अंधारातच टेबलाला धरत, सोफ्याच्या पाठीला धरत, आमच्या पायांवरून बाथरूमपर्यंत गेल्या. तिथं उंबर्‍यावरून खाली चार इंचाची पायरी. तिथंच पाय सरकला.

आणि आम्हाला ऐकूच आलं नाही. ज्यांच्याकडे जुना लोखंडी कूलर आहे त्यांना सांगायला नको, समोर ट्रक उभा केल्यासारखा आवाज असतो. त्या किती वेळ हाका मारत होत्या माहीत नाही, विचारलं तर आजही सांगत नाहीत. नवरा पाणी प्यायला उठला तेव्हा सव्वातीन झाले होते.

दार आत उघडणारं. आईंचे पाय नेमके दाराला टेकलेले. ढकललं की आतून ओरडायच्या. बिजागर्‍या आतल्या बाजूला, म्हणजे दार काढता पण येईना. शेवटी शेजारचे काका हेक्सा ब्लेड घेऊन आले आणि त्यांनी फायबरच्या दाराचा खालचा अर्धा भाग कापायला घेतला. मी जमिनीवर आडवी पडून फटीतून आईंशी बोलत होते, आणि आई काय म्हणत होत्या? "दार नोका तोडू, दिवाळीतच बसवलं ना." मग थोड्या वेळानं हळूच, "पोराले तिकडं ने आधी. अन् त्या भाऊले म्हणा, इकडं पाहू नोको." पातळ गुडघ्यापर्यंत वर गेलं होतं आणि त्यांना हात हलवून ते खाली घेता येत नव्हतं. मी कापलेल्या भागातून हात घालून ते खाली ओढलं. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पंधरा दिवस दवाखाना झाला, पण घरी आल्यावर त्या पडल्याचं कधी बोलल्या नाहीत, काकांचंच बोलल्या. काका आले की अजूनही डोक्यावरचा पदर सारखा करतात.

त्यानंतर मी सगळं टेपनं मोजलं. मागच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत वळणावळणानं ३१ फूट. हॉलच्या खिडकीखाली पलंग टाकला तर नऊ. वॉकर घेऊन वळायला तीन फूट तरी मोकळी वाट लागते, ती सोफा असताना कुठून येणार? सोफा विकला, साडेसहा हजार आले. नवीन दार बाहेर उघडणारं बसवलं, कडी बाहेरून पण निघेल अशी, त्याचे मजुरीसकट ३,२००. दोन स्टीलचे रॉड ९००, कमोडची खुर्ची १,८००, पायरी बुजवून उतार करायला मिस्त्रीनं ७०० घेतले. पलंग बुटका होता, उठताना गुडघ्यांवर जोर यायचा, तर लकडगंजातून २०० रुपयांचे लाकडी ठोकळे आणून चारही पायांखाली दिले, आता बसल्यावर तळवे जमिनीला नीट टेकतात. पडदा अकराशेचा. आणि साडेतीनशेची बिनवायरची बेल, बटण आईंच्या उशाशी, बेल माझ्या कानाशी. कूलर कितीही ओरडू दे. म्हणजे खिशातून गेले पावणेदोन हजार. टेबल भिंतीला लावलं, तीन जण जेवू शकतात, चौथा ओट्याशी उभा.

तर "सासूले टाकलं" वगैरे म्हणणार्‍यांनी हा हिशोब करून पाहावा.

पण आता खरं पण सांगते. मागची खोली मोकळी झाली तिथं पोराचं टेबल गेलं, त्याची दहावी आहे. रात्री तो हॉलमध्ये झोपायला येतो आणि त्या खोलीचं दार आम्हाला लावता येतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा. मावशींच्या प्रश्नाचा राग येतो तो म्हणूनही असेल. माझा फायदा झालाच आहे, तो काय लपवू?

दुसरं त्याहून वाईट आहे. सोफा घ्यायच्या आधी आई स्वतःच म्हणाल्या होत्या, "माही खाट तिथं खिडकीपाशी टाक ना, मोरी जवळ पडते." मी काय म्हटलं? "आई, पाहुणे येतात, बरं नाही दिसत." अगदी ह्याच शब्दांत. त्या गप्प बसल्या. आज मला लोक जे ऐकवतात ते तेव्हा मीच त्यांना ऐकवलं होतं. तेव्हाची मी समोर आली तर तिला काय सांगू, कळत नाही. ती म्हणेल, हप्ते मी भरतेय, दिवसभर नोकरी करून घरी मी येतेय, मला एक खोली नीट नको का? आणि ते पण खोटं नाही.

आणि आता गंमत बघा. मावशी गेल्यावर आई म्हणाल्या, "मले परत आतच टाक. इथं येणारा-जाणारा पाहूनच राहते मले." पडदा आहे की, म्हटलं. तर म्हणे, "पडदा ओढला का दवाखान्यातल्यावानी वाटते." दुपारी झोपल्या असताना कोणी आलं तर झोपेतच पायांवर चादर ओढतात, मी पाहिलंय.

काल रात्री मी पुन्हा टेप काढला. मागच्या खोलीचं दार २६ इंच, वॉकर २४. बसतो, पण हाताची बोटं चौकटीला घासतात. मागे भिंत फोडून छोटं बाथरूम काढलं तर? मिस्त्रीला विचारलंय, तो पाइपलाइन बघायला रविवारी येणार आहे. पोराची परीक्षा होईपर्यंत तर काही हलवायचं नाही असं नवरा म्हणतो. तोपर्यंत कूलर लावायचे दिवस येतील, आणि मोठा कूलर मागच्या खिडकीत बसत नाही, ते मी आधीच मोजलंय.