दहावा सूचक

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. 2024 च्या विधानसभेला आमचे सर अपक्ष उभे राहिले, तेव्हा त्यांचे कागद मी पाहिले. फीचा प्रश्नच नव्हता. त्यांनी मला शाळेत शिकवलंय. निवृत्तीनंतर कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी यावं म्हणून ते वर्षानुवर्षं पाटबंधारेच्या हापिसात खेटे घालत होते. आमदार असाच माणूस व्हावा असं मला वाटत होतं, आजही वाटतं.

उमेदवारी अर्ज म्हटलं की लोकांना मिरवणूक आणि हार दिसतात. अपक्षाची खरी परीक्षा कागदावर असते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवून सही करणारा मतदार, पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा मतदार लागतात, प्रत्येकाच्या यादी भाग क्रमांकासह. शपथपत्रात एकही रकाना कोरा चालत नाही, काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहायचं. अनामत 10,000 रुपये, त्याला चेक चालत नाही. अर्ज दिल्यावर शपथ घ्यायची, तीही छाननीचा दिवस उजाडायच्या आत. एका अनामतीवर चार अर्ज देता येतात आणि शहाणा वकील एकावर थांबत नाही.

पहिल्या अर्जावर दहाही जणांनी सरांच्या ओट्यावर बसून सह्या केल्या. मी समोर होतो. तो आम्ही 28 ऑक्टोबरला दाखल केला, सरांची शपथही झाली. दुसऱ्या अर्जावर त्याच दहा जणांच्या सह्या घ्यायच्या होत्या, पण चौथ्या क्रमांकाचा सूचक काही सापडेना. घरचे म्हणाले, सासुरवाडीला गेलाय. फोन बंद. दिवाळी आहे, जात असतात माणसं, असं म्हणून मी तो विषय सोडला. तिथेच मला शंका यायला हवी होती.

नऊ सह्या झाल्या. गावातल्या एक आजी म्हणाल्या, “मी आहे की. माझं नाव यादीत नाही का?” मी टाळत होतो. आजी अंगठेबहाद्दर. सूचकाचा अंगठा घरी घेऊन चालत नाही. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगाने ठरवलेल्या अधिकाऱ्यासमोर उमटवावा लागतो आणि ओळख पटल्यावर अधिकारी खाली साक्षांकन करतो. ते नसेल तर हा दोष किरकोळ नाही, छाननीच्या वेळी भरूनही निघत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्येच सांगितलंय. सही करणारा दुसरा माणूस शोधू, असं मी सरांना सुचवलं. सर म्हणाले, “पाण्याच्या मोर्च्यात पहिल्या रांगेत कोण होतं? त्याच येतील.”

29 तारीख, धनत्रयोदशी, अर्जांचा शेवटचा दिवस. वेळ तीनपर्यंत. आमची जीप शंभर मीटरच्या खुणेवर अडवली, आत न्यायच्या तीन गाड्यांत आधीच सरांची एक आणि कार्यकर्त्यांच्या दोन गेल्या होत्या. हे नियोजन माझं आणि ते चुकलं होतं. आजींचे गुडघे धरलेले. बंदोबस्तावरच्या हवालदाराने स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली आणि दोन पोरांनी त्या खुर्चीसकट आजींना दारापर्यंत नेलं. त्या हवालदाराचं नाव मी विचारलं नाही, ते राहून गेलं.

आत उमेदवारासह पाचच माणसं. दोन चाळीस झाले होते. अधिकाऱ्यांनी आजींचं मतदार ओळखपत्र पाहिलं, वडिलांचं नाव, गाव विचारलं. नुकतीच कापसाची वेचणी सुरू झालेली, अंगठ्याला बारीक चिरा पडलेल्या. कोऱ्या कागदावर आधी उमटवून पाहिला तर नुसता डाग. अधिकाऱ्यांनी ओला रुमाल मागवला, आजींचा अंगठा स्वतः पुसला आणि शाईच्या पॅडवर हळू फिरवला. अर्जावर रेषा न् रेषा उठली. खाली त्यांनी सही, तारीख आणि शिक्का मारला. सरकारी माणसाने इतक्या आस्थेने केलेलं काम मी क्वचित पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी छाननी. आमचा पहिला अर्ज पुकारला आणि समोरच्या उमेदवाराच्या वकिलाने हरकत घेतली. सोबत चौथ्या सूचकाचं नोटरी केलेलं शपथपत्र: अर्जावरची सही माझी नाही. तो स्वतः मागे उभा होता, मान खाली. अधिकाऱ्यांनी विचारलं, तो “नाही माझी” एवढंच बोलला. माझे ते वकीलमित्र हरकत वाचताना एकदाही माझ्याकडे पाहू शकले नाहीत. कोर्टाच्या बाररूममध्ये आम्ही रोज एका टेबलावर चहा पितो.

पहिला अर्ज बाद झाला. मग दुसरा पुकारला. त्यात चौथा नव्हता, त्याच्या जागी आजी होत्या, आणि त्या अंगठ्यावर हरकत घ्यायची सोयच नव्हती, अधिकाऱ्याने तो आपल्या डोळ्यांसमोर घेतला होता. घरी केलेल्या सहीला कायदा साक्षीदार मागत नाही, कारण माणूस आपली सही नाकारणार नाही असं तो धरून चालतो. ज्या अंगठ्याची मला धास्ती होती, त्यानेच उमेदवारी वाचवली.

सर निवडणूक हरले. वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याला पोचलो नाही, अनामतही गेली. ते मी पचवलं. पचत नाही तो पहिल्या अर्जाचा आदेश. सूचकाने सही नाकारली, असं त्यात लिहिलंय. वाचणारा म्हणेल, सरांच्या माणसांनी खोटी सही केली. मी सरांना म्हटलं, हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवू, खोट्या शपथपत्राची फिर्याद करू. सर म्हणाले, “त्याचा पोरगा हंगामी कामावर आहे. त्याला कोणी काय सांगितलं असेल, आपल्याला काय माहीत? राहू दे.”

डिसेंबरात तो माणूस माझ्या हापिसात आला. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा होता. दुसऱ्या कोणाकडे का गेला नाही, ते मी विचारलं नाही. वकीलपत्र पुढे केलं. त्याने सही केली. आडनावातल्या शेवटच्या ‘र’ची शेपटी खाली लांब ओढलेली, सरांच्या ओट्यावर ओढली होती तशीच. आम्ही दोघंही त्या सहीकडे पाहत होतो. ते वकीलपत्र अजून माझ्या खणात आहे, कोर्टात दाखल केलेलं नाही.